रोझीचं राहिलेलं कम्युनियन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चहा-टोस. रविवार होता. माझी बायको रोझी मिस्साहून, म्हणजे तिच्या चर्चमधल्या उपासनेहून आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "ठेवलास का रे चहा? पोटात कावळे ओरडतायत."

मी म्हटलं, "तुझा देव लय कडक गं. उपाशीपोटीच भेटतो."

"आणि तुझा? चहा पिऊन ढेकर दिल्यावर!"

हे आमचं लग्नापासूनचं भांडण. रोझी कुर्ल्याच्या गावठाणातली, कॅथलिक. मी नगरकडचा, प्रॉटेस्टंट. सातवी शिकलो आणि मुलुंडला कारखान्यात लेथ चालवली. मूलबाळ नाही. मिस्सात फादर कम्युनियनची जी पातळ पांढरी चकती देतात ते येशूचं खरं शरीर, असं ती मानायची. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाला पावाचा तुकडा आणि इवल्या पेल्यात द्राक्षरस मिळतो. ती आठवण, खूण. उरलेला पाव आमच्याकडं पोरं खाऊन टाकायची. हे मी हसत सांगितलं, तर तिला रडू आलं होतं.

कम्युनियन घ्यायचं तर ती आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायची नाही. फादर सांगायचे, आता तासभर उपास पुरे. ती म्हणायची, माझ्या आईनं असंच पाळलं.

त्या रविवारी चहात बुडवलेला टोस तिच्या छातीशी अडकला. चहा नाकातून आला. "घाई कशाला करतेस?" म्हणून मी ओरडलो. मागनं कळलं, महिनाभर ती चपाती सोडून पेजेवर होती. सांगितलं नाही. तुमच्या घरात कुणी गुपचूप चपाती सोडली तर विचारा.

आधी एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालतात. मग बायोप्सी, म्हणजे आतला कण काढून तपासतात. आठ दिवस रिपोर्टची वाट बघितली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली तेव्हाच मी समजलो.

"काका, अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. पसरलाय. ऑपरेशन होण्यातलं नाही."

रोझी एवढंच म्हणाली, "बरं. आता घरी जाऊ या का?"

घरी फार दिवस राहता आलं नाही. ताप आला, दम लागला. डॉक्टर म्हणाल्या, ॲस्पिरेशन झालंय. म्हणजे खाल्लेलं श्वासाच्या नळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. नाकातून पोटात नळी घातली आणि खाटेला पाटी लावली, एनबीएम. सिस्टरला अर्थ विचारला. तोंडानं काही द्यायचं नाही, थेंबसुद्धा नाही. ती पाटी मी पाळली. रोझी पाणी मागायची आणि मी ओला कापूस ओठांना लावायचो. दिवसातून चार वेळा सिस्टर नळीतून पातळ दूध-पावडर सोडायची.

तीन आठवडे असे गेले. शुक्रवारी रोझीच्या चर्चमधून फ्लोरीबाई आल्या. आजाऱ्यांना कम्युनियन पोचवायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी गोल पितळी डबी उघडली. रोझीनं तोंड उघडलं.

मी मध्ये हात घातला. "तोंडानं काही द्यायचं नाही."

"अहो, एवढासा कण देते," फ्लोरीबाई म्हणाल्या.

"कण अडकला तर तुम्ही येणार काय निस्तरायला? शेवटी खूणच आहे ती. कपाळाला लावा आणि जा."

रोझीचा आवाज बसला होता. मला कान तोंडाजवळ न्यावा लागला.

"तुझी खूण असंल. माझं जेवण आहे. तीन आठवडे मी जेवली नाय रे."

मी म्हटलं, "बरी झालीस की घे." ती बरी होणार नाही हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. फ्लोरीबाईंनी डबी मिटली. रोझीनं भिंतीकडं तोंड केलं, ते माझ्याकडं पुन्हा वळवलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर आल्या तेव्हा मी ऐटीत सांगितलं, कसं मी काही देऊ दिलं नाही. त्यांनी रोझीच्या नाकातल्या नळीकडं बोट केलं.

"काका, बारीक कण पाण्यात विरघळवून नळीतून देता आला असता. मला विचारायचं तरी."

रोज चार वेळा ती नळी माझ्या डोळ्यासमोर वापरली जात होती. मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचायला मी ते जेवण धरलंच नव्हतं.

तसाच चर्चला गेलो. फादर बाहेर होते, निरोप ठेवला. शनिवारी सकाळी ते आले, पण पहाटेपासून रोझी शुद्धीत नव्हती. त्यांनी कपाळाला आणि हातांना तेल लावून प्रार्थना केली. डबी खिशातच ठेवली. बेशुद्ध माणसाला कम्युनियन देत नाहीत. दुपारी ती गेली.

हे लिहितोय ते अशा पाटीखाली बसलेल्यांसाठी. तुमचं माणूस जे मागतंय ते कसं देता येईल, हे डॉक्टरांना विचारा. तुम्हाला ते पटतं की नाही ते बाजूला ठेवा. मला अजून सांगता येत नाही की ते शरीर आहे की खूण. रोझीला भूक लागली होती, एवढं मला दिसत होतं आणि मी हात आडवा घातला. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत. त्यांनी मला खोटं बरं वाटू दिलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. माती द्यायची होती दुपारी. सकाळी उठून सवयीनं चहाचं आधण ठेवलं आणि गॅस बंद केला. पाणीसुद्धा न पिता सातच्या मिस्साला गेलो. रांगेत उभा राहिलो. मी कॅथलिक नाही, मला ते मिळत नाही हे ठाऊक होतं. फादरपुढं आलो तेव्हा नुसता आशीर्वाद मागणारे घेतात तसे हात छातीवर घेतले, तोंड मिटून ठेवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, "हिचं राहिलं."

"माहीत आहे," ते म्हणाले.

मागं लोक थांबले होते. मी बाजूला झालो, रोझीच्या बाकावर सगळं संपेपर्यंत बसलो आणि मग घरी येऊन चहा ठेवला.