काढून टाकलेली पोस्ट

अन्याय झाला तो शिरोळच्या माझ्या वर्गमैत्रिणीवर, महापुराच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी. ओल्या गाद्यांचा वास आला की ती सकाळ अजून मानगुटीवर बसते. सरांनी विद्यापीठाच्या ऑनलाइन चर्चेला विषय दिला होता, 'आपत्ती आणि समाज'. लिहील त्यालाच गुण. तिनं पूरग्रस्तांच्या छावणीतून लिहिलं, "पाणी घराच्या दारात हाय, बाबा तिथंच, म्हशी सोडून येईनात, कुणीतरी बोट पाठवा की." सरांनी 'विषयांतर' म्हणून पोस्ट काढली आणि शून्य दिलं. तिचा फोन आला, "अगं, मी इषयावरच लिवलंतं की!" बोट आली, बाबा वाचले, ती मात्र वर्गात परत आलीच नाही. त्या चर्चेत तिच्या नावाखालची जागा आजही कोरी आहे. शिकवणाऱ्यांनो, गुण नंतर द्या. पोरांनी काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि उत्तर द्या.