पोपटी पाळणा

मामा गेले त्या सकाळी मी स्वयंपाकघरात लेकीसाठी, स्वरासाठी, मऊ भात शिजवत होते. वर गच्चीवर झाडांना पाणी घालणं चाललं होतं आणि थोड्या वेळानं ते पाणी जिन्यावरून खाली यायला लागलं. मी चिडून ओरडले, "मामा, नळ बंद करा की!" पाणी येतच राहिलं. सासूबाई बघायला वर गेल्या आणि मग त्यांचा आवाज आला. करदळीच्या डब्याशेजारी मामा कुशीवर पडले होते, पाइप हातातच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंही नसेल. म्हणजे मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्यसुद्धा चिडकंच, आणि तेही त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणतात. उभं आयुष्य ट्रकच्या बॉड्या रंगवण्यात गेलेलं, त्यामुळं सगळी गल्ली त्यांना पेंटरच म्हणायची. भेटायला येणारी माणसं चहा पीत "पेंटर म्हणजे देवमाणूस", "नातीवर काय जीव होता" असं म्हणायची. मला त्या बोलण्याची शिसारी यायची. माणूस जिवंत असताना त्याच्या रंगांना हसायचं आणि मेल्यावर त्याला देव्हाऱ्यात बसवायचं, ही आपली रीत. पण सहा आठवडे झाले, आता खोटं कशाला बोलू... मला खरी किळस येते ती त्या माणसांची नाही. कुणाची, ते सांगायलाच हे लिहायला बसलेय.

लग्न होऊन मी राजारामपुरीतल्या या घरात आले तेव्हा पहिला धक्का बसला तो लाकडी सामानाचा. मामा निवृत्त झाले होते, पण हात गप्प बसत नव्हता. कुणाच्या अंगणात मोडकी खुर्ची दिसली, की हे ती खांद्यावर टाकून घरी आणायचे. ती घासायची, भोकात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, ती वाळली की परत घासायची आणि मग रंग द्यायचा, तोही ट्रकचा. आत्तींच्या लग्नातलं शिसवी कपाट त्यांनी पोपटी केलं होतं, त्याला लाल-पिवळी नक्षी आणि दोन्ही दारांवर मोर. माझ्या माहेरहून आलेल्या अभ्यासाच्या टेबलालाही त्यांनी सोडलं नाही. मी आठ दिवस बाहेरगावी गेले होते. परत येऊन बघते तर टेबलाच्या वरच्या फळीवर कमळ, आणि खाली वळणदार अक्षरात 'आईचा आशीर्वाद'. मी त्यावर चादर टाकली. मामांनी ती चादर बघितली आणि ते वर गच्चीवर गेले.

गच्चीवरची बाग ही तर माझ्या नाकाला शिक्षाच होती. रंगाच्या रिकाम्या डब्यांत करदळ, टोमॅटो, अळू, गुलाब. रविवारी मटण धुतलेलं तांबूस पाणी गुलाबाला, सुक्या मासळीची डोकी टोमॅटोच्या बुडाशी. मांजरं रात्रभर ती डोकी उकरायची आणि सकाळी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर माश्या बसलेल्या असायच्या. गुलाब मात्र वाटीएवढे यायचे, हे कबूल करायला हवं. तेव्हा मी ते केलं नाही. नाक दाबून कपडे उचलायचे आणि खाली यायचे.

मग स्वरा झाली. आमच्याकडं पाळणा विकत आणत नाहीत. ज्या घरात तो भरपूर हलला, ज्यातली सगळी पोरं जगली-वाचली, त्या घरातून तो मागून आणायचा, असा रिवाज आहे. मामांच्या थोरल्या बहिणीची मुरगूडला अकरा पोरं त्या एका पाळण्यात वाढली होती. तो टेंपोतून आला तेव्हा मी नाकाला पदर लावला. अकरा पोरांचं मूत मुरलेलं लाकूड, सांध्यांत ढेकणांची काळी अंडी, वर रंगाचे पापुद्रे. मी नवऱ्याला, सागरला, म्हटलं की माझं बाळ यात निजणार नाही. मामांनी ते ऐकलं. पुढचे पंधरा दिवस ते गच्चीवर तो पाळणा घासत होते. आता, रिकामा पाळणा हलवायचा नाही, हा आत्तींचा नियम. घासताना तो हलणारच. म्हणून मामांनी बारशाला ठेवतात तसा स्वयंपाकघरातला वरवंटा फडक्यात गुंडाळून आत निजवला, आणि त्याला निजवूनच पाळण्याला रंग दिला. वरवंट्याच्या टोकावर पोपटी थेंब पडले. त्याच वरवंट्यानं आत्तींनी चटणी वाटली आणि दोन दिवस घरात वास कसला येतोय म्हणून सगळे एकमेकांना विचारत होते. सागर हसून लोळला. मी चटणी कचऱ्यात टाकली.

पाळणा अर्थातच पोपटी झाला. कडेला 'स्वरा' हे नाव, ट्रकच्या कपाळावर लिहितात तसं. मामांनी तो महिनाभर उन्हात वाळवला आणि रोज त्याला नाक लावून वास गेला का ते बघितलं. सातव्या महिन्यात स्वराच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या आणि ती पाळण्याची कड चावायला लागली. एक दिवस तिच्या ओठाला पोपटी कण दिसला. दुसऱ्याच दिवशी ताप, उलट्या, पोट ढाळायला लागलं. पोर दुपारपर्यंत मलूल झाली. सागर रिक्षा आणायला गेलेला, मी तिला उचलून निघताना मामा दारात आडवे आले, काय झालं म्हणून. मी म्हणाले, "तुमच्या या घाणीनं माझं पोर मरायला लागलंय. परत तिला हात लावू नका." ते बाजूला झाले. "बरं," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात सलाइन लागलं. रंगाचं मीच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, रंगाचा काही संबंध नव्हता. बाईंनी मग बाळाची दुधाची बाटली मागितली. मी कामावर जायला लागल्यापासून स्वरा वरचं दूध प्यायची आणि बाटली मी कुणालाच धुवू देत नसे, आत्तींच्या हातांना मसाल्याचा वास येतो म्हणून. बाईंनी बूच काढलं, निपल उलटं केलं. आत काळी बुरशी होती, आणि तिच्यावर नासलेल्या दुधाचा पिवळा चिकट थर. मी इतके महिने वरवर पाणी फिरवत होते, निपल उलटं करून कधी बघितलंच नव्हतं. बाईंनी ती बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. सागर औषधं आणायला खाली गेला होता. रिपोर्टचं आणि बाटलीचं फक्त आम्हा दोघींनाच कळलं. वाटेत मी तशीच, त्याच रंगाची नवी बाटली घेतली, आणि घरी एवढंच सांगितलं की काळजी घ्यायला सांगितलीय.

हे सांगायला मला तेरा महिने मिळाले होते. एकाच घरात, ताटाला ताट लावून. पहिल्या आठवड्यात लाज वाटली, नंतर उशीर झाला असं वाटलं, आणि मग सवयच झाली. मामांनी पाळण्याचा रंग पार घासून काढला, नावासकट. रंगाचे डबे, कुंचले, टर्पेंटाइनच्या बाटल्या भंगारवाल्याला फुकटच देऊन टाकल्या. मासळीची डोकी बंद झाली, गुलाबाला साधं पाणी. गुलाब बोराएवढे यायला लागले. गच्चीला आता वास येत नव्हता आणि मला तेच तर हवं होतं. सागर वडिलांना आबा म्हणतो. एकदा म्हणाला, आबांनी रंगकाम का सोडलं कळत नाही. मी म्हटलं, वय झालं आता.

काल दुपारची गोष्ट. स्वरा आता एकवीस महिन्यांची आहे. गच्चीवर मातीत खेळून ती खाली आली, मी तिला जेवायला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली. दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले, मग हात उलटे केले, बोटं फाकवली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. मामा असंच करायचे. त्या दवाखान्यानंतर स्वराजवळ यायचं असलं की ते आधी मोरीत जाऊन साबण लावायचे आणि मग असेच दारात थांबायचे. तळवे दाखवायचे, हात उलटे करायचे, नखं दाखवायची. मी मान हलवली की मगच आत यायचे. मी मान हलवायची, हो. तेरा महिने रोज, तपासनिसासारखी. एकदाही म्हटलं नाही की मामा, पुरे. आणि ते पोर हे सगळं त्यांच्या पायाशी उभं राहून बघत होतं. तिला वाटतं, आईजवळ जायची हीच रीत.

आत्ती चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी तिथंच त्यांना सगळं सांगितलं. बाटली, बुरशी, रिपोर्ट, सगळं. त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटलं. पिठाचे हात परातीत झटकत त्या म्हणाल्या,

"साबणानं घासून घासून हाताचं कातडं निघालं हुतं त्यांच्या. मी रोज रात्री तेल लावायचो. म्हणायचे, रंग आत मुरलाय गं, जाईना झालाय... आता मला सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं त्यो गेला की."

भाकरी तव्यावर करपली. आत्तींनी ती उलटली नाही, मीही नाही. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, त्या बाटलीचं बूच उघडलं तेव्हाही नाही. मी दाराकडं बघितलं. स्वरा अजून उंबऱ्याबाहेरच होती, मातीचे हात पुढं करून. मी मान हलवण्याची ती वाट बघत होती.