मिनिटाला ऐंशी शब्द

आमच्या आत्याचं टाइपरायटरवाल्या काकांशी जमलंय, ही बातमी क्लासचा जिना उतरून आमच्या घरात आली, तेव्हा तिच्याबरोबर पुरावेही भरपूर आले. आत्या बारीक झाली होती. डोळ्यांत चमक आली होती. झोप उडाली होती, हात थरथरत होते, आणि काका क्लासमधल्या जुन्या टाइपरायटरांना तेल घालायला आले की ती घामाघूम होऊन खिडक्या उघडत सुटायची. बोलायची तर अशी, की ऐकणाऱ्याला धाप लागावी. आता याला प्रेम नाही म्हणायचं तर काय?

खुलासा आधीच करून टाकते. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आत्यालाही नव्हतं. सगळा प्रताप एका चिमुकल्या पांढऱ्या गोळीचा. तिचाही नाही म्हणा. गोळी बिचारी होती तेवढीच होती. कमी झाली होती ती आत्या.

आत्या लघुलेखन शिकवते, म्हणजे समोरचा बोलेल ते रेघा-ठिपक्यांच्या खुणांनी झरझर उतरवायला. क्लास चपलांच्या दुकानावरच्या लांबट खोलीत. परीक्षेत मजकूर मिनिटाला ऐंशी शब्द या वेगाने वाचतात, म्हणून तीही तसाच वाचते. ना कमी, ना जास्त, नळाची एकसारखी धार. भिंतीवरचं घड्याळ तिने कधीच कपाटात टाकलंय. "घड्याळाकडे बघाल की कागदाकडे? माझ्या जिभेत आहे घड्याळ!" आणि हे कुणी पडताळूनही बघत नाही, कारण बाई म्हणतील ते ऐंशी.

ही सवय ती घरीही आणते. "जेवून घ्या स्वल्पविराम ताटं मी उचलते स्वल्पविराम आणि दिवा कुणी चालू ठेवला प्रश्नचिन्ह." मला बोलता यायला लागल्यापासून मी तिची नक्कल करते. नाकावर चष्मा खाली, हनुवटी वर, आणि "महोदय, आपल्या दिनांक पाचच्या पत्रास अनुसरून..." बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, ठसका लागेपर्यंत हसतात.

काही वर्षांपूर्वी आत्या फारच मंदावली होती. सारखी थंडी, आवाज घोगरा, अंग जड. थायरॉइड सुस्तावलंय असं निघालं आणि गोळी सुरू झाली. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग चहाला हात लावायचा तो बऱ्याच वेळाने. तोवर घरात कुणी तिच्याशी बोलत नाही. गोळीने ती ताळ्यावर आली, पण वजन मात्र राहिलं. मग गुडघे कुरकुरायला लागले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वजन उतरवा, नाहीतर जिना सोडा." जिना सोडायचा म्हणजे क्लास सोडायचा. आत्याने वजन उतरवलं.

उतरवलं म्हणजे काय, धुऊनच काढलं! रोज पहाटे चालणं, अर्धं ताट हिरवं, गोडाला लांबून नमस्कार. कपडे टाचून झाले, घड्याळाच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पडली, अंगठीला दोरा गुंडाळला. जो तो म्हणायचा, "बाई, ओळखू आला नाहीत!" आत्या वरवर "इश्श" करायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी लांब चालायची. बाबा एकदा म्हणाले, "ताई, एकदा रक्त तपासून घे ना."

"मला धाड भरलीय का? इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं!"

त्याच सुमारास क्लासमधली मुलं मागे पडायला लागली.

"बाई, 'सदर प्रकरणी'च्या पुढचं राहिलं."

"ते नाही राहिलं, तुम्ही राहिलात! मी पळत नाहीये, तुम्ही रेंगाळताय!"

मुलं घरी बसून घासघास घासायची. तरी पानं अर्धी कोरी. दोघी जणी क्लास सोडून गेल्या, परीक्षा तोंडावर आली, आणि एका संध्याकाळी जेवताना आत्या म्हणाली, "या परीक्षेनंतर क्लास बंद करते." शेवटी पूर्णविरामही म्हणाली नाही. ती खोली म्हणजे आत्याचं अख्खं आयुष्य. "माझ्या हातून मुलं घडत नाहीत आता," ती भांड्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली. भांडं धरलेला हात थरथरत होता, म्हणून तिने ते खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिचा विसरलेला डबा द्यायला वर गेले, तर ती जिन्यात कठड्याला टेकून उभी. छातीत धडधड. "बोलू नकोस. आत जा आणि उतारा वाच त्यांना, नाहीतर गप्पांचा बाजार भरेल."

मला काय, आयतं व्यासपीठ! चष्मा नव्हता, म्हणून हनुवटीवरच भागवलं. "लिहा. महोदय, आपल्या दिनांक पाचच्या पत्रास अनुसरून..." मुलं आधी खिदळली, मग लिहायला लागली. उतारा संपला. सगळ्यांची पानं भरलेली, एकही खूण सुटलेली नाही. कचेरीतून सुटून थेट क्लासला येणारा एक उंच विद्यार्थी तर आपल्याच वहीकडे आ वासून बघत बसला.

दारातून आत्या कडाडली, "रडत रडत वाचलंस! त्या वेगाने मुंगीसुद्धा लिहील!"

"तुझ्यासारखंच वाचलं."

"माझ्यासारखं?"

"लहानपणापासून असंच करते मी तुझं. विचार बाबांना."

उंच विद्यार्थ्याने हळूच मोबाइल काढला. "बाई, राग मानू नका. वेळ लावू का?" माझी वेळ लावली, ऐंशीच्या आसपास. मग आत्या वाचायला बसली. एकशे दहा. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा एकशे दहाच्या वर. आत्याने चष्मा काढला, पुसला, परत चढवला आणि मुलांना म्हणाली, "म्हणजे तुम्ही नीट लिहीत होतात की रे."

जिन्यातली धडधड आणि हा वेग बघून त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नाडी धरली, हात पुढे करायला लावले, आणि विचारलं, "ही गोळी ठरली तेव्हा वजन किती होतं?"

आत्याने तो आकडा भिंतीकडे बघत सांगितला.

"कपडे टाचून घेतलेत ना? गोळीही तेव्हाच्या अंगाच्या मापाची होती. ती कुणी टाचली का? सगळ्यांनाच कमी करावी लागते असं नाही, पण इतकं वजन उतरलं तर तपासायला हवं."

"मग बंदच करते मेली!"

"मुळीच नाही. तुमची ग्रंथी अजून आळशीच आहे. आधी रक्त, मग मी सांगेन तेवढी गोळी, आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त."

अहवाल आला. अंगाला हवा त्यापेक्षा गोळीचा जोर जास्तच झाला होता. डॉक्टरीणबाईंनी मात्रा उतरवली. सगळं झाल्यावर आत्याने दबक्या आवाजात विचारलं, "वजन परत येईल का हो?"

"तुम्ही चालून घालवलंत ते तुमचं. गोळीने पळवून लावलेलं थोडंफार परत येईल."

रस्त्यात आत्या अंगठीचा दोरा चाचपत चालली होती. मग म्हणाली, "लोक छान दिसतेस म्हणायचे, ते गोळीचं कौतुक होतं का गं?"

"जिना तू चढतेस की गोळी?" मी म्हणाले. तिने मला चापट मारली, पण माझा हात मग घर येईपर्यंत सोडला नाही.

हळूहळू धडधड गेली, झोप आली, गाल थोडे भरले. कपड्यांची एक शिवण उसवावी लागली, तेव्हा आत्या दिवसभर फुगून बसली होती. मुलं परीक्षेला बसली आणि बऱ्यापैकी पास झाली. क्लास बंद करण्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. मी मात्र शेफारले. भर क्लासात म्हणाले, "खरे ऐंशी आता माझ्याकडेच आहेत. लाव पैज! हरले तर तुझ्याकडे लघुलेखन शिकेन."

उंच विद्यार्थ्याने मोबाइल धरला. मिनिट संपलं तेव्हा माझे तीन शब्द तोंडातच राहिले होते. आत्या वाचायला बसली, पाठ ताठ, नजर कागदावर. मोबाइल वाजला आणि तिच्या तोंडून 'पूर्णविराम' पडला, दोन्ही एकाच वेळी.

आता मी पहिल्या बाकावर बसते. कालच्या उताऱ्यात माझी अर्धी ओळ सुटली, तर आत्या चष्म्यावरून बघत म्हणते कशी, "मी पळत नाहीये हं. या वेळी खरंच तू रेंगाळतेयस."