तोंडातल्या टाचण्या

तिच्या तोंडात टाचण्या दिसल्या नाहीत तर गिऱ्हाईक काळजीनं विचारायचं, "टेलरबाई, बरं नाही का?"

सवय लहानपणाची. वडिलांच्या शेजारी उभी राहून त्यांना एकेक टाचणी द्यायची, तेव्हा हात मोकळे राहावेत म्हणून तिनं त्या ओठांत धरायला सुरुवात केली. वडील म्हणायचे, "छान. तोंड बंद, डोकं चालू." पुढे वडिलांची नजर गेली, कॉलेज मध्येच सुटलं आणि दुकान तिच्या गळ्यात पडलं, टाचण्या मात्र ओठांतून हलल्या नाहीत. त्या धरून ती गिऱ्हाइकाशी बोलायची, भाव करायची, भांडायची. एकही शब्द अडखळायचा नाही आणि एकही टाचणी पडायची नाही.

दुकान अर्धं तिचं, अर्धं नवऱ्याचं. डावीकडे तिचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायल रूम. उजवीकडे नवऱ्याच्या किल्ल्यांचा फळा आणि किल्ली घासायचं यंत्र, जे सुरू झालं की समोरच्या औषधवाल्याला फोनवर बोलता यायचं नाही. एकाच शटरखाली दोन धंदे: ती उसवलेलं शिवायची, तो अडकलेलं उघडायचा.

चाळिशी ओलांडल्यावर तिनं सरकारी विद्यापीठात ऑनलाइन पदवीसाठी नाव घातलं. विषय इतिहास.

"इतिहास?" नवऱ्यानं किल्ली घासता घासता विचारलं. "पुढे काय करणार त्याचं?"

"अहो, इतिहास आहे तो. त्यात पुढचं नसतंच."

नवरा हसला आणि प्रश्न मिटला. नणंदेचा मिटेना. नणंद त्याच विद्यापीठात वर्गात बसून शिकलेली, आता बँकेत. रविवारी पँट लहान करून घ्यायला यायची आणि येताना टोमणा घेऊन यायची.

"वहिनी, काय म्हणतेय तुमची घरबसल्या पदवी?"

"घरबसल्या? मी बसलेली कधी पाहिलीस गं तू मला?"

"तसं नाही, पण उपयोग काय?"

"उपयोगाचं सगळं करून झालं. आता एक बिनउपयोगाचं करू दे."

आणि ती करत राहिली. रिळांच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायची. प्राध्यापक साम्राज्यं बुडवत असायचे आणि इकडे ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर बदलत असायची. एखादं वाक्य पटलं नाही तर मशीनवरचा पाय थांबायचा. "मागे घ्या, मागे घ्या," असं स्वतःशी म्हणत ती व्याख्यान मागे न्यायची, पुन्हा ऐकायची, आणि तरीही नाही पटलं तर प्राध्यापकांना लिहून विचारायची. त्यांची उत्तरं यायची. एकदा एकीनं लिहिलं होतं, "तुमचं बरोबर आहे, मी घाईत बोलले." ते तिनं नवऱ्याला वाचून दाखवलं, नणंदेला वाचून दाखवलं, आणि औषधवाल्यानं विचारलं नव्हतं तरी त्यालाही.

आधीच्या सगळ्या परीक्षा केंद्रावर झाल्या. कागद, पेन, बाक. शेवटच्या सत्रात विद्यापीठानं ठरवलं, की ऑनलाइनवाल्यांनी आता घरूनच पेपर द्यायचा, कॅमेऱ्यासमोर. सूचनांची तर रांगच लागली. खोलीत एकटं बसा. आवाज नको. नजर पडद्यावर. ओठ हलवू नका.

घरी एकटं बसायला जागा असती तर प्रश्नच नव्हता. शेवटी ट्रायल रूम ठरली. नणंदेनं लॅपटॉप दिला. सरावाच्या वेळी कॅमेऱ्यानं लगेच आक्षेप घेतला: खोलीत एकाहून अधिक व्यक्ती आहेत. तिन्ही भिंतींवर आरसे, आणि तिन्हींत ती! तिनं कोटाचं काळं अस्तर काढून आरसे झाकले. नवऱ्यानं यंत्र बंद ठेवलं आणि बाहेर स्टूल टाकून बसला. किल्ली मागायला आलेल्याला तो ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होता.

पेपर चांगला चालला होता. मग एक प्रश्न आला: कारखाने आल्यावर घरात होणारं काम कुठे गेलं? तिला खूप काही सांगायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. कापड कुठे बेतायचं ते कळेना की व्हायचं तेच झालं. तिचा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला. टाचण्यांची उशी मनगटावर तशीच होती. लोक घड्याळ घालतात तशी ती उशी घालायची, काढायची आठवण राहण्याचा प्रश्नच नव्हता. दोन-चार टाचण्या ओठांत गेल्या, डोकं चालू झालं आणि ती धडाधड लिहायला लागली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली. "परीक्षार्थी, आपल्या तोंडात काय आहे?"

तिला नवल वाटलं. तिनं लिहिलं, "काही नाही."

"कृपया खात्री करून सांगा."

आता तिला राग आला. "काही नाही म्हटलं ना!"

पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली: संशयास्पद हालचालींमुळे आपली परीक्षा थांबवण्यात येत आहे.

ट्रायल रूमचा पडदा फाडावा तसा बाजूला सारून ती बाहेर आली.

"अहो, बघा यांचं! पेपर बंद केला माझा! म्हणे तोंडात काय आहे! मी काय तोंडात ठेवणार? लवंग? सुपारी? एवढी वर्षं प्रामाणिकपणे अभ्यास करतेय, आणि म्हणे तोंडात काय आहे!"

नवरा स्टुलावरून उठला. तिच्याकडे बघत राहिला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "आधी त्या टाचण्या काढ. मग बोल."

तिचा हात ओठांकडे गेला. एक टाचणी. दुसरी. आणखी एक. ती इस्त्रीच्या टेबलाला टेकली आणि तळहातावरच्या टाचण्यांकडे बघत राहिली.

"मी 'काही नाही' लिहिलं," ती म्हणाली. "दोनदा."

विद्यापीठातून सुनावणीचं बोलावणं आलं. सोबत मजकूर तयारच होता, फक्त सही करायची: मी परीक्षेत गैरमार्गाचा अवलंब केला, मला त्याचा पश्चात्ताप आहे. सही केली तर पुढच्या सत्रात पुन्हा पेपर देता येणार होता. नाही केली तर समिती ठरवेल ते, म्हणजे नाव रद्दसुद्धा.

"वहिनी, सही करून टाका," नणंद म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता, खरीच काळजी होती. "कोण वाचतंय ते? फायलीत जाईल. पदवी हातात आल्याशी मतलब."

"पण मी कॉपी केली नाही."

"मला माहितेय हो. त्यांना कुठे माहितेय?"

"म्हणूनच तर."

नणंद गेल्यावर नवराही चाचरत म्हणाला, "ती म्हणते ते काही अगदीच चूक नाही. एक सही तर आहे."

ती मशीनवरून उठून त्याच्या अर्ध्या दुकानात गेली. "अहो, उद्या कुणी येऊन तुम्हाला म्हणालं, ही किल्ली तुम्ही चोरासाठी केलीत, एक सही करा, की विषय संपला. कराल?"

नवऱ्यानं हातातली कानस खाली ठेवली. "नाही."

"मग?"

"मग सुनावणीच्या दिवशी शटर बंद. मीही येतो."

समितीची खोली लांबट होती. टेबलाच्या त्या टोकाला अध्यक्षबाई, केस पिकलेल्या, चेहऱ्यावर कुठलीच रेघ न हलवणाऱ्या. त्यांच्या शेजारी ऑनलाइन परीक्षांचं काम बघणारे सर, पुढ्यात लॅपटॉप. नवऱ्याला बाहेर बाकावर बसवलं. दार मात्र नीट लागत नव्हतं, आणि कुलपाकडे बघून त्याला राहवत नव्हतं हे तिला फटीतून दिसत होतं.

सरांनी चित्रफीत लावली. अस्तर लावलेल्या खोलीत ती बसलेली, ओठांत काहीतरी चमकणारं.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"टाचण्या."

"टाचण्या! कशावरून? हल्ली तोंडात मावणारी यंत्रं मिळतात. दाताखाली बटण दाबलं की बाहेर खूण जाते. बाहेर कुणीतरी बसलेलं असतं."

"बाहेर माझा नवरा बसला होता. त्याला कुलपाच्या इतिहासापलीकडे काही येत नाही."

बाहेर कुणीतरी खोकलं.

अध्यक्षबाईंनी पुढ्यातला कागद वाचला. "तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही लिहिलंत, 'काही नाही.' म्हणजे खोटं लिहिलंत."

"चूक लिहिलं, मॅडम. खोटं नाही."

"फरक काय?"

"खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. मला माहीतच नव्हतं. चष्मा डोळ्यांवर असताना आपण घरभर शोधतो, तसं. मी चूक लिहिलं हे लिहून देते, हवं तर मोठ्या अक्षरांत. पण कॉपी केली हे लिहिणार नाही."

"बाई, सगळे असंच म्हणतात," सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं आणि विचारात असल्यासारखे ते दातांत धरून चावत होते. "ऑनलाइनवाल्यांचं आम्ही रोज बघतो. वर्गाची शिस्त नसते. समोर कुणी नसलं की—"

"सर, तुमच्या तोंडात काय आहे?"

"काही नाही," सर म्हणाले, आणि वाक्य पुढे नेलं, "—की माणूस मोकाट सुटतो."

मग त्यांचं लक्ष गेलं. अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत होत्या. सरांनी टोपण काढलं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे वेगळं आहे," ते म्हणाले. कान लाल झाले होते.

"वेगळं कसं? तुम्ही विचार करत होतात. मीही करत होते."

अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ अजूनही हलली नाही. "यातून तुमची बाजू सिद्ध होत नाही."

"नाही होत. पण तुमचीही झालेली नाही ना, मॅडम? मग माझा पेपर पुन्हा घ्या. नवे प्रश्न काढा. इथं, याच टेबलावर, तुमच्या डोळ्यांसमोर."

"ऑनलाइनच्या विद्यार्थ्यांना अशी सोय नाही," सर म्हणाले.

"वर्गातल्या मुलांवर असा आळ आला तर?"

"त्यांची गोष्ट निराळी."

"पदवीच्या कागदावर निराळं छापता का? माझ्या नणंदेनं वर्गात बसून केलीय. तिच्या आणि माझ्या कागदात काय फरक असेल?"

सर काही बोलायच्या आत अध्यक्षबाई म्हणाल्या, "काही नाही." आणि थोडं थांबून, "हे मात्र मी खात्री करून सांगतेय."

तिला हसू आलं, पण तिनं ते ओठांत धरलं. तशी तिला सवय होतीच.

"ठीक आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नवा पेपर. पर्यवेक्षक मी. अट एकच, तोंडात काही ठेवायचं नाही."

इथं उठून आभार मानून बाहेर पडायचं असतं. नणंदेनं नक्की तेच केलं असतं. ती बसून राहिली.

"ती अट नको, मॅडम."

"काय?"

"टाचण्या मी ठेवणार. आधी तपासून घ्या, हवं तर तुमच्याच कपाटातल्या द्या. पण आज त्या काढून पेपर दिला, तर लोक म्हणतील, बघा, त्यातच काहीतरी होतं."

"हा हट्ट आहे."

"आहे."

अध्यक्षबाईंनी सहीसाठी आणलेला तो तयार मजकूर उचलला, मधोमध दुमडला आणि सरांकडे सरकवला.

पेपर त्याच लांबट खोलीत झाला. सुरू करण्याआधी अध्यक्षबाईंनी पर्यवेक्षकाचा अहवाल पुढे ओढला. "आक्षेपार्ह वस्तू," त्यांनी वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"टाचण्या लिहा," ती म्हणाली. "वस्तू लिहा, आक्षेपार्ह नका लिहू."

त्यांनी तसंच लिहिलं. मग तिनं टाचण्या ओठांत घातल्या, आणि पंख्याचा आवाज तेवढा उरला. अर्ध्यावर तिनं हात वर केला. अध्यक्षबाईंनी न विचारता पुरवणी आणून दिली.

ती पास झाली. पहिली वगैरे आली नाही; चारचौघांसारखी दुसऱ्या वर्गात. पदवीचा कागद तिनं ट्रायल रूममध्ये, मधल्या आरशाच्या वर लावला.

"अहो वहिनी, फ्रेम तरी करा!" नणंद पँट घालून बघता बघता ओरडली. "पदवी कुणी टाचण्यांनी लावतं का?"

"मी लावते. आणि सरळ उभी राहा, मापात गडबड होतेय."

नणंद सरळ उभी राहिली. जरा वेळानं आरशातूनच तिनं विचारलं, "पुढे एमए करणार म्हणे तुम्ही? आता त्याचा काय उप—" आणि स्वतःच हसली. "जाऊ दे."

एमएला नाव घातलं तेव्हा विद्यापीठाकडून नव्या सूचना आल्या. नवरा मोबाइल लांब धरून वाचत होता. "खोलीत एकटं बसा. नजर पडद्यावर. अगं, हे बघ, शेवटी एक ओळ वाढलीय. 'परीक्षार्थींनी परीक्षेदरम्यान तोंडात टाचण्या ठेवू नयेत.'"

"बघू, बघू."

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "पेनाच्या टोपणाचं काही लिहिलंय?"

"नाही."

"नखांचं?"

"नाही गं."

तिनं मशीनखालचं खोकं ओढलं, कोरा कागद काढून इस्त्रीच्या टेबलावर पसरला आणि हातानं सपाट केला. विषय: सूचनांमधील शेवटच्या ओळीबाबत हरकत. तिथं जराशी अडली. मग हात मनगटाकडे गेला, दोन टाचण्या ओठांत आल्या, आणि ती लिहायला लागली.