विमानतळावरची ज्वारी

आमच्या थोरल्या साडूंइतका मातीत डोळे घालून चालणारा माणूस विमानांच्या कामावर साऱ्या भारतात दुसरा नेमला गेला नसेल, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाला विमानतळ आहे. त्याची धावपट्टी लांबवायची, नवी इमारत उभी करायची, अशा सगळ्या विस्ताराच्या कामाचे साडू प्रमुख होते. डोक्यावरून विमान गेलं की साइटवरचा गवंडी मान वर करी, ठेकेदार करी, मी तर बाहेरून आलेला हायस्कूलचा मास्तर, निर्लज्जपणे हात हलवायचो. साडू त्या वेळी पायाखालचा मुरूम चिमटीत घेऊन चोळत असायचे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी घरातला नळ गळायला लागला की "आमच्या दाजींना सांगू का?" असं मला अजून ऐकावं लागतं. दाजी विमानतळ वाढवतात आणि ह्यांना वॉशर बदलता येत नाही, हा त्या वाक्यातला न बोललेला भाग.

साडूंच्या खिशात कायम एक काचेची गोटी. उतार बघायला साइटवर महागडी यंत्रं होती, पण यंत्राचं झालं की साडू गोटी काढत आणि दोघांचं एकमत झालं तरच पुढं सरकत. माझ्या घराच्या वास्तुशांतीला, होमाचा धूर डोळ्यांत जात असताना, ह्यांनी हॉलच्या मधोमध ती गोटी ठेवली. गोटी जरा थांबली, आणि मग जी निघाली ती कुणाला न विचारता थेट स्वयंपाकघरात. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता मान वळवून तिच्याकडे बघत राहिले, सासरेबुवा उठून तिच्या मागे गेले. साडूंनी सगळ्या पाहुण्यांदेखत जाहीर केलं की मास्तरांना फरशी धुणं सोपं जाईल, पाणी आपोआप मोरीकडे पळेल. त्यांना वाटलं आपण कौतुकच केलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी मोरी तुंबली आणि बोलावंच लागलं.

कामावर त्यांची मीटिंग सकाळी सातला, कडुलिंबाखाली, उभ्या उभ्या. प्रत्येकाला एक कप चहा, पण जो "होऊन जाईल" म्हणेल त्याला चहा नाही. कोण करणार आणि किती वाजता करणार, एवढं सांगायचं आणि कप उचलायचा. ठेकेदाराचा एक इंजिनिअर उत्तरेकडचा होता. "हो जायेगा साहब" ह्या एका वाक्यावर आजवरची नोकरी काढून आलेला. बिचाऱ्याचे पहिले नऊ दिवस कोरडे गेले. दहाव्या दिवशी तो शिकला, आणि इतका शिकला की पुढं स्वतःच्या साखरपुड्याची तारीख, वेळ आणि शेवटची पंगत किती वाजता उठेल हेसुद्धा त्यानं आईला फोनवर सांगून टाकलं. साडूंना त्याचा फार अभिमान. त्या साखरपुड्याला ते रेल्वेनं दीड दिवस प्रवास करून गेले आणि पंगत खरंच वेळेवर उठली, हे महिनाभर सांगत सुटले.

असा काटेकोर माणूस चुकला कुठं, तर जिथं कर्जतच्या कोरडवाहू रानात वाढलेला माणूसच चुकेल, तिथं. विस्तारासाठी घेतलेल्या जमिनीपैकी अर्ध्या जमिनीवरून धावपट्टी गेली. उरलेली जमीन, कुंपणाच्या आत, पुढच्या टप्प्यासाठी मोकळी पडली होती. काळीभोर, कसदार. त्या वर्षी हस्ताचा पाऊस मनासारखा पडला आणि साडूंची झोप उडाली. ओल धरलेलं काळं रान पेरणीविना ठेवायचं म्हणजे त्यांच्या लेखी तान्ह्या लेकराला उपाशी निजवणं. ज्यांची ती जमीन, त्या वीस-बावीस घरांना त्यांनी बोलावून घेतलं. इथलं काम सुरू व्हायला अजून वर्ष आहे, एक शेवटची ज्वारी घ्या, दाणा घरात जाईपर्यंत कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द, असं सांगून टाकलं. त्यांत आबा म्हणून सत्तरीचे एक शेतकरी होते. त्यांचं अर्धं वावर धावपट्टीखाली गेलेलं. ते घरी गेले आणि माळ्यावर टाकलेली पेरणीची पाभर खाली काढली.

ज्वारी अशी आली की आत शिरलेला माणूस दिसेना. साडू मला नव्या इमारतीचे फोटो कमी आणि कणसांचे जास्त पाठवायला लागले. मग पौषात दाण्यात चीक भरला आणि भोरड्या उतरल्या. ही थंडीतली गुलाबी-काळी पाखरं. एकटी भोरडी कुणी पाहिली असेल तर मला सांगावं, येतात त्या हजारांनी. आणि पाखरू इंजिनात गेलं तर विमानाचं काय होतं, हे साडूंना कुणी शिकवायला नको होतं. पाखरं हाकलायला आवाजाची तोफ आणली. पहिल्या दिवशी भोरड्या उडाल्या, दुसऱ्या दिवशी थोड्या बाजूला सरकल्या, तिसऱ्या दिवशी तोफेवरच बसल्या. ज्वारीवर पाखरं येतात हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, पाखराचा वाटा धरूनच ज्वारी पेरायची असते." म्हणजे ध्यानात आलं होतं, फक्त शेतकरी म्हणून आलं होतं.

त्यातच निरोप आला. मोठ्या विमानांसाठी लांबवलेली पट्टी तपासायला दिल्लीचं पथक मार्चमध्ये यायचं होतं, ते आठ दिवसांत येणार. आसपास पाखरांचे थवे दिसले तर परवानगी नाही आणि पुढची पाळी थेट पावसाळ्यानंतर. साडू तर मार्चअखेरीला निवृत्त होणार होते. पाच वर्षं ज्या पट्टीचा खडा न् खडा त्यांनी पारखला, तिच्यावर पहिलं मोठं विमान उतरेल तेव्हा ते घरी पेपर वाचत बसलेले असणार. आणि ज्वारी कापावी तर शेतकऱ्यांना दिलेला शब्द मोडतो. त्यांनी जेवण सोडलं. मेव्हणीबाईंचा फोन आला आणि बायकोनं मला पिटाळलं. मी जाऊन काय दिवे लावणार होतो देव जाणे, पण गेलो.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली कुणीतरी सुचवलं की जमीन आता सरकारी, पीक बेकायदा, नोटीस चिकटवा आणि ट्रॅक्टर फिरवा, कोण विचारतंय. साडूंनी त्या दिवशी सगळ्यांचाच चहा बंद केला, माझाही. मग मला गाडीत घालून ते गावात गेले. पारावर ती सगळी घरं जमली. साडू बसले नाहीत. त्यांनी तपासणीचं सांगितलं, निवृत्तीचंही सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाले,

"चूक माझी हाय. शब्द मी दिल्ता, आन् मोडायचं इचाराय बी मीच आलोय. तुमी न्हाई म्हनला तर ज्वारी उभी ऱ्हाईल. माझं काय हुयाचं ते हुईल."

ज्यांच्याकडून जमीन गेली, त्यांच्याकडूनच पुन्हा शेवटचा घास मागायचा, हे मला तरी जमलं नसतं. अखेर आबा बोलले.

"साहेब, भरल्या ताटावरनं उठवताय आमाला." मग म्हणाले, "पन वावर गेलं तवा कागद आल्ता. मानूस कुनी आलं न्हवतं. कापा ज्वारी."

कापायला मात्र हात पुरेनात. दाणा कोवळा, यंत्र घातलं तर सगळा चिखल होणार, आणि साडूंचं म्हणणं होतं की ज्वारीचं एक ताटही वाया जाता कामा नये, वैरण तरी घरोघर गेली पाहिजे. जवळच्या साखर कारखान्यात काही बिघाड होऊन दोन दिवस गाळप बंद होतं, ऊसतोड टोळ्या खोप्यांत बसून होत्या. पाथर्डीकडची माणसं. साडू त्यांच्यात जाऊन उकिडवे बसले आणि त्यांच्याच बोलीत आपली फजिती सांगितली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि कोयते घेऊन निघाल्या. त्यांच्या बैलांना हिरवी वैरण आणि सगळ्यांना पोटभर हुरडा, एवढ्यावर सौदा.

ते दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. साठ-सत्तर कोयते चालले आहेत, चमकत्या जाकिटातले इंजिनिअर डोक्यावर पेंढ्या वाहताहेत, आणि सगळ्यांत पुढं हेल्मेट घालून साडू, हातात कोयता, तोंडानं "ताट मुळापासनं घ्या" असा दम. साखरपुडावाला इंजिनिअर किती पेंढ्या किती वाजता कुंपणाबाहेर जाणार हे ओरडून सांगत होता आणि त्या तशा जात होत्या. मी पहिल्या तासातच बोट कापून घेतलं, म्हणून माझी नेमणूक हुरड्यावर झाली. कुंपणाच्या पार बाहेर आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या धगीत कणसं खुपसली. खबरदारी म्हणून विमानतळाचा आगीचा बंब शेजारी उभा केला होता. त्या बंबवाल्यांनी एवढा हुरडा खाल्ला की खरोखर आग लागती तर त्यांना उठवायला माणसं लागली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं ताट पडलं. भोरड्यांनी दोन घिरट्या घातल्या आणि जिथं अजून उभी ज्वारी होती तिकडे निघून गेल्या.

पथक आलं. दुर्बिणी लावून त्यांनी सकाळ-संध्याकाळ आभाळ न्याहाळलं, त्यांना दोन टिटव्या सापडल्या. नव्यानं कापलेल्या धसकटांबद्दल त्यांच्या प्रमुखानं विचारलं, तेव्हा साडूंनी हस्ताच्या पावसापासून सगळी कथा खरीखुरी सांगून टाकली. मी असतो तर गवत म्हणून मोकळा झालो असतो. प्रमुख गृहस्थ ऐकून घेत राहिले, मग पट्टी तपासू लागले, आणि तिच्यात मात्र त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही. निवृत्तीच्या सहा दिवस आधी परवानगीचा कागद आला. साडू आमच्या घरी येऊन पाच पुरणपोळ्या जेवले.

पहिलं मोठं विमान उतरायचं होतं तो साडूंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. मंडप, फेटे, सनई, सगळा थाट होता. साडूंच्या नावाची खुर्ची पहिल्या रांगेत होती आणि ती रिकामी होती. मेव्हणीबाई कासावीस झाल्या, बायकोनं पुन्हा मलाच पिटाळलं. साडू सापडले धसकटांच्या रानात, धावपट्टीलगतच्या आतल्या जाळीपाशी. त्या वीस-बावीस घरांचे पास त्यांनी स्वतः काढले होते आणि सगळ्यांना तिथं उभं केलं होतं, बायापोरांसकट. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. विमान आलं. केवढं तरी होतं. चाकं टेकली, रबराचा धूर उठला, आणि ते धूड जरासुद्धा न दचकता पुढं निघून गेलं. मंडपातून टाळ्या ऐकू आल्या. इकडे कुणी टाळी वाजवली नाही. आबा डोळ्यांवर हात धरून एका जागेकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, "चाक आपल्या वावरात टेकलं."

साडूंनी हेल्मेट काढून काखेत धरलं, वाकले आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घरी आल्यावर बायकोनं विचारलं की विमान शेवटी कुठवर जाऊन थांबलं. मी तिकडे पाहिलंच नव्हतं.