मेहुण्याने वाचलेला पासवर्ड

पाटकर शेठनी फोनवर एवढंच विचारलं, सावंतबाईंना आजच काढू की महिनाअखेरीस?

भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलच्या डब्यांचा कारखाना होता. सावंतबाई तिथल्या कॉम्प्युटर ऑपरेटर. प्रोग्राम आमचा. तो सर्व्हरवरून डीलरांच्या ऑर्डरी उतरवून घ्यायचा. सर्व्हरचा पासवर्ड शेठनी बाईंना बाहेर पाठवून स्वतः टाइप केला होता. आता तो अख्ख्या कारखान्याला पाठ होता. पासवर्ड होता ‘मेहुणाचोर’. शेठचे मेहुणे नंदूभाऊ तिथेच गोडाऊन सांभाळायचे.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या ऑफिसमधून मी रिक्षाने गेलो.

कारखान्यात शिस्त होती. काहीही बिघडलं की त्याची चिठ्ठी गेटजवळच्या बोर्डावर लावायची. दुरुस्त करणाऱ्याने सही केली की काढायची. सर्व्हर बंद पडला तेव्हा बाईंनी स्क्रीनवरचा मेसेज छापून लावला, प्रेस मशीनच्या तेलगळतीशेजारी.

मी तो वाचला. ‘या पत्त्यावर संपर्क झाला नाही’, आणि खाली पूर्ण पत्ता. सर्व्हरच्या पत्त्यातच लॉगिन लिहायची सोय असते: आधी युजरनेम, मग पासवर्ड, मग मशीनचं नाव. आमची लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, त्यावरून बरोबर लॉगिन करायची. अडली की तोच पत्ता जसाच्या तसा छापायची. ती मी लिहिली होती.

शेठना तसं सांगितलं.

“म्हणजे बाईंनी चोरून बघितलं नाही?”

“नाही. माझ्या प्रोग्रामने दाखवलं.”

“मग काय तुम्हाला काढू?”

सावंतबाई की-बोर्ड पुसत म्हणाल्या, “आधी दुरुस्त करून घ्या, शेठ. बोर्डावर सही राहिलीय.”

मी लायब्ररी बदलली. मेसेज छापण्याआधी ती पत्त्यातलं लॉगिन वेगळं काढून पासवर्डच्या जागी तारे टाकू लागली. बाईंची नोकरी राहिली. शेठनी पासवर्ड बदलला. नंदूभाऊ आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पुढे सर्व्हर पुन्हा बंद पडला, चिठ्ठी लागली, आणि नंदूभाऊंचा मला फोन आला.

“आठ तारे आहेत. आता आठ अक्षरांत काय लिहिलंय माझ्याबद्दल?”

“अक्षरं कितीही असोत, तारे आठच छापतो.”

“सकाळपासून चार शब्द जुळवले होते मी.”

पासवर्ड लपवताना त्याची लांबीही लपवावी. मोजणारा बहुतेक घरचाच असतो.