एक नारळ जास्त

साठ सालाच्या आसपास मी देवबागच्या शाळेत गणित शिकवायचो. शाळेच्या वाटेवर एका सामाईक माडबागेत एक म्हातारा नारळ मोजताना दिसे. कमरेला पंचा, कानावर विडी. दोन हजार पाचशे वीस नारळ झाले की तो पाडप थांबवायचा.

"एवढेच का?" मी एकदा विचारलं.

"मास्तरानू, वाटेकरी किती येतले ता कोणाक म्हायत? दोन येवंदेत नायतर धा, ह्यो आकडो सगळ्यांक सारखो वाटता येता. माझ्या बापाशीन शिकवल्यान."

मी तिथेच वाळूत काडीने भागून पाहिलं. दोनपासून दहापर्यंत प्रत्येकाने निःशेष भाग गेला! असा याहून लहान आकडा शोधूनही मिळेना. मी हरखून गेलो.

म्हातारा हसला आणि बाजूचा एक नारळ उचलून त्याने त्या ढिगावर टाकला.

"अहो, आता कसेही वाटले तरी एक उरणार!" मी कळवळलो.

"उरूकच होयो. सगळा वाटून संपला, तर देवाक काय?"

पुढे निवृत्त होईपर्यंत, फळ्यावर बाकी शून्य आली की पोरं टाळ्या पिटायची आणि मला मात्र वाटायचं, आज देव उपाशी राहिला.